तानसेन हरला तेव्हा

नववीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. नाट्यसंगीताचा विषय निघाला म्हणून आम्ही ‘कट्यार काळजात घुसली’चे नाव घेतले. आमची शाळा उर्दू माध्यमाची. आमच्या मुलांना हे नाव ठाऊक असेल अशी अपेक्षा नव्हती. पण मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “टीचर, मी पाहिलंय ते. मोबाइलवर.”

आम्हाला आनंद झाला. तो फार टिकला नाही.

“पण टीचर, त्यात खाँसाहेबच वाईट का दाखवलाय?”

मग कळले की त्याने पूर्ण चित्रपट पाहिलेलाच नव्हता. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे चार-पाच तुकडे पाहिले होते. एका तुकड्यात खाँसाहेब गर्वाने बोलतात, दुसऱ्यात पंडितजींचा आवाज गेलेला असतो. चित्रपटात हे कृत्य खाँसाहेबांच्या बेगमचे आहे, तीच पंडितजींना शेंदूर खाऊ घालते, खाँसाहेबांना त्याचा पत्ताही नसतो. पण अर्ध्या मिनिटात एवढे कुठे मावणार? मुलाने दोन तुकडे जोडले आणि हिशेब लावला. वर्गात शांतता पसरली. इतर मुलेही आमच्याकडे पाहू लागली. त्यांनाही तोच प्रश्न पडला असावा, विचारायची हिंमत फक्त एकाने केली.

आम्ही म्हणालो, “बेटा, ते नाटक आहे. नाटकात कुणीतरी वाईट लागतोच.” तो “जी टीचर” म्हणून खाली बसला. वीस वर्षे शिकवतोय, त्यामुळे ‘जी’ पटल्याचे असते की अदब म्हणून दिलेले असते, हे ओळखता येते.

त्याच आठवड्यात शनिवारी आम्ही माहेरी, अमरावतीला निघालो. अकोल्याहून गाडी सुटली की वाटेत मूर्तिजापूर लागते, मग बडनेरा. हा रस्ता इतका पाठ आहे की आम्ही खिडकीबाहेर बघतही नाही. मूर्तिजापूर म्हटले की आमच्या पिढीला शकुंतला आठवते, अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी ती छोट्या रुळांची गाडी. त्या दिवशी मात्र स्टेशनची पाटी दिसली आणि वर्गात काय सांगायला हवे होते ते ध्यानात आले. उशिरा सुचलेले उत्तर, दुसरे काय!

‘कट्यार’ हे नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. लिहिले नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका केली वसंतराव देशपांडे यांनी, आणि हे वसंतराव 1920 साली जन्मले ते याच मूर्तिजापुरात. म्हणजे मराठी माणसाच्या मनात ‘खाँसाहेब’ म्हणून जो आवाज बसला तो आमच्या अकोला जिल्ह्यातल्या एका ब्राह्मणाचा होता. पुढे 2015 च्या चित्रपटात सचिन पिळगावकरांच्या खाँसाहेबांना गळा दिला तो वसंतरावांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी. त्या मुलाच्या मोबाइलवर जो आवाज वाजत होता, तो हाच.

आता या वसंतरावांना शिकवले कुणी? नागपूरला शंकरराव सप्रे. मग ऐन तरुण वयात ते लाहोरला गेले आणि तिथे उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी मारवा राग घेतला. मुंबईत भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ. पुण्यात सुरेशबाबू माने, आणि हे सुरेशबाबू म्हणजे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेबांचे सख्खे पुत्र. जन्माच्या वेळी त्यांचे नाव अब्दुल रहमान होते. अब्दुल करीम खाँ साहेबांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे, आणि तिथे उरुसाला आजही मोठमोठे गवय्ये हजेरी लावतात. तेव्हा वसंतराव मंचावर खाँसाहेब होऊन उभे राहत, तेव्हा हे सगळे खरे खाँसाहेब त्यांच्या गळ्यातून गात. नाटकातला खाँसाहेब गर्विष्ठ आहे हे खरे, पण त्याच्यापाशी असे गाणे आहे की प्रेक्षक त्याचा राग धरू शकत नाही. आमच्या मते वसंतरावांनी त्या पात्राला वाचवले.

बडनेरा येईपर्यंत हे सगळे मनात जुळवले आणि घरी पोहोचताच अब्बांना सांगितले.

अब्बांविषयी थोडे सांगायला हवे. त्यांचे इतवाऱ्यात शिलाईचे दुकान होते. मशीनच्या शेजारी रेडिओ. सकाळी साडेसातला विविध भारतीवर ‘संगीत सरिता’ लागे. एक राग घ्यायचे, त्यातले आरोह-अवरोह सांगायचे आणि मग त्याच रागातले सिनेमाचे गाणे लावायचे. अब्बांची तालीम ती एवढीच. सुई दोऱ्यात ओवता ओवता ते राग ओळखायला शिकले. आम्ही भावंडे शाळेत जाताना दुकानावरून जायचो तर विचारायचे, “बोलो, कौन सा राग?” आम्ही काहीही ठोकून द्यायचो. भूपाळी म्हटले की बऱ्याचदा खपून जाई.

मग अब्बा हजला गेले. परत आल्यावर त्यांनी तो रेडिओ दुकानातल्या कारागिराला देऊन टाकला. काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही. आपल्या घरांत गाण्या-बजावण्याचा विषय नाजूक असतो. हे मासिक वाचणाऱ्या कितीतरी घरांत वाद्य वर्ज्य मानतात, आणि ते मनापासून मानतात. त्यांच्याशी वाद घालावा असे आम्हाला कधी वाटले नाही. स्वतःच्या वडिलांशीही घातला नाही. एवढेच सांगतो की माणूस एखादी गोष्ट सोडतो तेव्हा ती त्याच्यातून निघून जातेच असे नाही. मागच्या वर्षी आमची धाकटी मीलादच्या जलशासाठी मोबाइलवरून एक नात बसवत होती. चाल दरबारीच्या वळणाची. अब्बा पलंगावर डोळे मिटून पडलेले. आम्हाला वाटले झोपलेत. तेवढ्यात म्हणाले, “गंधार सीधा मत रख बेटा, झुला उसको.” मुलगी म्हणाली, “नाना, गंधार म्हणजे काय?” अब्बांनी कूस बदलली.

तर अशा अब्बांना आम्ही त्या मुलाचा प्रश्न सांगितला, वसंतरावांची सगळी कहाणीही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “ये सब ठीक. उसको ये पूछ, तानसेन हारा तब गा कौन रहा था?”

हे आमच्या डोक्यात आलेच नव्हते. ‘बैजू बावरा’, 1952. दरबारात तानसेन आणि बैजूचा सामना होतो, देसी रागात. तानसेन हरतो. बैजूसाठी गायले पंडित द. वि. पलुस्कर आणि तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ. संगीत नौशाद यांचे. अमीर खाँ तेव्हा चाळिशीचे, मोठे नाव झालेले. पलुस्कर त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. कथेत हरायचे आहे हे अमीर खाँ यांना ठाऊक होते, तरी त्यांनी गाण्यात कसर ठेवली नाही. आज तो तुकडा मोबाइलवर ऐकताना कोण जिंकले याचा विचारही मनात येत नाही, दोन गळे एकमेकांना जागा देत जाताना ऐकू येतात. त्याच चित्रपटातले मालकंसातले भजन शकील बदायुनींनी लिहिले, नौशादांनी बांधले आणि मोहम्मद रफींनी गायले, ही गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या घरी सांगून झाली आहे.

सोमवारी वर्गात हे सगळे सांगितले. सांगण्याच्या भरात आम्ही एक घोळही केला. अमीर खाँ साहेबांचा जन्म अकोल्याचा, असे ठामपणे सांगून टाकले. मुले हरखली. एकाने “ताजनापेठ का क्या?” असेही विचारले. घरी येऊन पुन्हा पाहिले तर काही नोंदींत अकोला, काहींत कलानौर. वाढले आणि शिकले मात्र ते इंदूरला. दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहून चूक दुरुस्त करावी लागली. आपल्या गावाचा मोठा माणूस असा हातातून निसटला की वाईट वाटते, पण पोरांना चुकीचे सांगून मिरवण्यात काय अर्थ?

तो प्रश्न विचारणारा मुलगा सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाला, “म्हणजे टीचर, ‘बैजू बावरा’तही खाँसाहेबच हरले.”

आम्ही गप्प झालो. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कथा लिहिणारे खाँसाहेबाला हरवतात, आणि गाणारे त्याच्याच घरी शिकायला जातात. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला पहिली लगेच दिसते, दुसरी कुणीतरी दाखवावी लागते. आम्ही त्याला इतकेच म्हणालो की तू पूर्ण चित्रपट बघ, मग आपण भांडू. तो हसला. या वेळचे ‘जी टीचर’ जरा बरे होते.

त्या संध्याकाळी अमीर खाँ साहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका शोधून काढली. तिच्या एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. मोबाइलवर दोन्ही मिळतात. फार संथ गाणे. आमच्या धाकटीने विचारले, “नेट अडकलंय का?” आम्ही अमरावतीला फोन लावला आणि दुसरा मोबाइल फोनजवळ धरला. रागाचे नाव सांगितले नाही. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. फोन कट झाला असे वाटले.

“मारवा,” अब्बा म्हणाले. “अब बंद कर. मग़रिब का वक़्त हो रहा है.”