भिवपुरीची ढोलकी, क्युबाचा ढोल

कर्जत लोकलने नेरळ सोडले की पुढचे स्टेशन भिवपुरी रोड. पावसाळ्यात इथल्या कड्यांवरून पाणी कोसळत असते आणि खाली भाताची खाचरे हिरवीगार दिसतात. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी खाली आणून १९२२ पासून येथे वीज तयार होते.

वर्षावासातल्या एका रविवारी आम्ही इथल्या बौद्धवाडीत होतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले, मग ढोलकीवर भीमगीते रंगली. तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने विचारले, "आजोबांनी दवंडीचा डफ टाकला. मग आपण ढोलकी का धरायची?"

प्रश्न रास्त होता. बोलता बोलता गोष्ट क्युबापर्यंत गेली. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे त्या बेटावर गुलाम म्हणून नेली गेली. तिथली गुलामगिरी १८८६ मध्ये संपली, तिरस्कार मात्र संपला नाही. त्यांच्या ढोलांवर वेळोवेळी बंदी आली. तेव्हा गोदीतल्या लाकडी खोक्यांवरच त्यांनी ताल धरला. त्यांचा रुंबा २०१६ मध्ये युनेस्कोने जगाचा वारसा म्हणून मानला.

हे फार दूरचे वाटते काय? आपल्याच रायगड जिल्ह्यात मुरूडचा जंजिरा आहे. तिथले सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, वसवले. गुजरातेतले सिद्दी आजही ढोलावर 'गोमा' नाचतात. आफ्रिकेत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि क्युबातही काही ढोलांना हेच नाव आहे. दोन समुद्रांपलीकडे माणसे विकली गेली, पण शब्द आणि ताल त्यांच्यासोबत राहिले.

आपली वाट थोडी निराळी आहे. त्यांचा ढोल हिरावला जात होता. आपल्यावर डफ लादलेला होता. दवंडी ही महारकीची वेठ होती. बाबासाहेबांनी १९२७ साली याच जिल्ह्यातल्या महाडला स्वाभिमानाचा मार्ग दाखवला आणि १९२८ मध्ये वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी विधेयक मांडले. वेठीचा डफ टाकणे हा सन्मानाचाच निर्णय होता. पण त्याच समाजाने जलसे उभे केले, आणि भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी गाण्यातून विचार वाडीवाडीत नेला. वाद्य हीन नसते. ते कोणाच्या हुकुमाने वाजते, एवढेच पाहायचे असते.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. दोन्ही समाजांचे दुःख सारखे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून वाचकहो, एक करा. घरातल्या आजीला जात्यावरच्या भीमाच्या ओव्या आठवत असतील. त्या आजच वहीत लिहून घ्या. क्युबाच्या माणसांनी खोक्यावर ताल जपला. आपल्या हाती तर लेखणी आहे.