हातोडा आणि प्रेस

सांगलीच्या एका हळद-व्यापाऱ्याच्या मोटारीतून वेगाबरोबर चढत जाणारी घुमघुम येऊ लागली. उजव्या वळणावर ती वाढे. म्हणजे त्या वेळी भार पेलणाऱ्या डाव्या चाकाचे बेअरिंग झिजले होते. अभियंता मुलाने ते घरीच बदलण्याचे ठरविले. हबचा मोठा नट त्याने चाक जमिनीवर असतानाच सैल केला, गाडी स्टँडवर घेतली आणि बेअरिंग धरणारे स्टिअरिंग नकल उतरविले. इथवर सारे शास्त्रशुद्ध.

नवे बेअरिंग मात्र बसेना. त्याने हातोडा उचलला, तोच अण्णांनी हात धरला.

“उद्या याच गाडीतून तुझी आई कोल्हापूरला जायची आहे.”

बेअरिंगला दोन कडी असतात. बाहेरचे कडे नकलमध्ये घट्ट बसते, म्हणून दाब त्यावरच हवा. आतल्या कड्यावरचा घाव गोळ्यांतून जातो, धावेवर बारीक खळगे पाडतो आणि नवा माल गाडी हलण्याआधीच बाद होतो. प्रेसची मजुरी वाचविण्यात, निव्वळ हिशेबानेही, अर्थ नसतो.

दोघे नकल घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. हब दाबताना कारागिराने आतल्या कड्याला खालून आधार दिला. संध्याकाळी चाक जमिनीवर टेकवून मुलाने नवा नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतील मापानुसार आवळला.