मॅडम, आता काय करायचं?

मुंबईच्या मेडिकल कॉलेजात प्रश्न नेहमी वर जातो. हाऊसमन रजिस्ट्रारला विचारतो, रजिस्ट्रार लेक्चररला, लेक्चरर युनिटच्या सरांना. उत्तर खाली येईपर्यंत आपण रक्ताचे रिपोर्ट गोळा करत फिरायचं. एमडी मेडिसिन करताना डीआरपीवर, म्हणजे जिल्हा रेसिडेन्सीवर, मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका सरकारी रुग्णालयात आले, तेव्हा मला एवढंच येत होतं.

वऱ्हाडाचा टेम्पो उलटला त्या रात्री सर्जन घरून निघाले होते. ते पोचेपर्यंत कॅज्युअल्टीत जो तो मलाच विचारू लागला. वॉर्डबॉय मामा म्हणाले, आधी एक्स-रेला कुणाला नेऊ? हवालदार म्हणाले, एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, कोण लिहिणार? १०८ रुग्णवाहिकेवाला दारात उभा: "मॅडम, पुढे एकालाच नेता येईल. कोण?" डायबेटिक कीटोॲसिडोसिसचं इन्सुलिन मी झोपेतही लावलं असतं. यातलं काही प्रत्यक्ष करायला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून जे येतं ते सुरू केलं. एका मुलाचा हात धरून शीर शोधू लागले. इन्चार्ज सिस्टरनी माझ्या हातातली सुई घेतली. "हे मी बघते. तुम्ही मधे उभ्या राहा, सगळ्यांना दिसाल अशा." मग मामांना म्हणाल्या, "ओरडतायत ते बाहेर बाकावर. गप्प आहेत ते आधी आत."

ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो; गप्प पडलेल्याची खात्री नाही. पुस्तकात यालाच ट्रायाज म्हणतात आणि त्याला रंगीत पट्ट्या असतात. टीम लीडरनं स्वतः हात न घालता सगळ्यांवर नजर ठेवायची, हेही आम्हाला एसीएलएसच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांच्या, कोर्सात प्लास्टिकच्या पुतळ्यापाशी शिकवलं होतं. सर्टिफिकेटही मिळालं. पण पुतळ्याला नातेवाईक नसतात. इथे वऱ्हाडच आत घुसलं होतं. मामांनी त्यातला एक जाणता काका हेरला आणि जाहीर केलं, "डॉक्टर यांच्याशीच बोलतील, बाकीच्यांनी यांना विचारा." दार मोकळं झालं. ही युक्ती मी कुठल्याच लेक्चरला ऐकलेली नाही.

कागदावर सगळं आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात डॉक्टरच्या भूमिका दिल्यात, त्यांत 'नेता आणि संघाचा सदस्य' ही एक. कॅनडातल्या रॉयल कॉलेजनं तर २०१५ मध्ये आपल्या चौकटीतली 'व्यवस्थापका'ची भूमिका बदलून 'नेत्या'ची केली. २०२० च्या अधिसूचनेनं आलेल्या आमच्या डीआरपीचे तीन महिनेही राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांचं जिल्ह्यातलं नियोजन, अंमलबजावणी, देखरेख समजावी म्हणूनही आहेत. माझ्या लॉगबुकात मात्र प्रोसिजर मोजायचे रकाने आहेत. नातेवाइकांना वाईट बातमी कुणी सांगितली, याला रकाना नाही.

असं नेतृत्व रकान्याशिवाय एका डॉक्टरनं याच जिल्ह्यात करून दाखवलंय. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात, सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानं माणसं फुप्फुसात पाणी होऊन दगावत होती. वर विचारायला कोणी युनिटचे सर नव्हते. ते रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले, 'लॅन्सेट'ला लिहिलं, पुढे प्राझोसिन हे औषध वापरलं आणि मृत्यू झपाट्यानं घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडे त्यांचं नाव विषबाधेच्या धड्यात येतं. एकटा वैद्यकीय अधिकारी खेड्यात राहून आजूबाजूची उपचाराची रीत कशी बदलतो, ते शिकवायला हवं होतं.

त्यासाठी पाहुण्या वक्त्यांची कार्यशाळा ठेवू नका, एवढी विनंती. तीन महिन्यांतला एक आठवडा आम्हाला वॉर्डातून सोडवा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या आढावा बैठकीत मागच्या खुर्चीवर बसू द्या, औषधांचं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरू द्या, माता-मृत्यूची चर्चा ऐकू द्या. आणि लॉगबुकात सहीचा एक रकाना इन्चार्ज सिस्टरसाठी ठेवा.