दीड सुताचं अंतर

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून माझ्या सायकलच्या दुकानात गर्दी गुरुवारीच. लेथवाले, व्हीएमसीवाले, पावडर कोटिंगवाले, चाकणच्या कंपन्यांतले इंजिनिअर असे सगळे सायकली घेऊन येतात आणि बाकावर बसून माझं काम मलाच शिकवतात. या धंद्यात यायच्या आधी मीही अकरा वर्षं टर्निंगच्या शेडमध्ये काढली, त्यामुळे मला राग येत नाही. मायक्रॉनवर पोट भरणारी माणसं ती. ‘गिअर साधारण बसलाय’ हे त्यांना झेपत नाही.

मागच्या श्रावणात असेच एक काका आले. टूलरूममधून रिटायर झालेले, खिशात अजूनही सहा इंची स्टीलची पट्टी. सायकल १९८०च्या दशकातली, पोलादी फ्रेमची, परदेशातून कुणीतरी आणलेली. पुढे दोन, मागे सहा दात्या, म्हणजे साखळीच्या दातेरी चकत्या. गिअरचे दोन लिव्हर फ्रेमच्या तिरक्या नळीवर, गुडघ्याच्या उंचीला. गिअर बदलायचा तर एक हात हँडल सोडून खाली न्यायचा.

“गिअरचा काही त्रास नाही रे,” काका म्हणाले. “हात सोडायची भीती वाटते आता. पीएमटी चौकात डावीकडून रिक्षा, उजवीकडून टेम्पो, मध्ये खड्डा. ब्रेकमध्येच गिअर असतो ना, तो बसव.”

हल्ली असं काम महिन्यातून एक-दोनदा येतंच. लोकांना वाटतं शिफ्टर म्हणजे बल्बसारखा, जुना काढला की नवा लागला. तसं नसतं, आणि त्याचं कारण त्या जुन्या लिव्हरमध्येच आहे.

जुन्या लिव्हरला टकटक नसते. आत वॉशर, मधोमध एक स्क्रू, आणि लिव्हर जिथे सोडाल तिथे नुसत्या घर्षणावर थांबतो. चालवणारा तो जरा जास्तच ओढतो, साखळी मोठ्या दातीवर चढते, मग केसभर मागे घेतो आणि खरखर थांबली की बोट उचलतो. हँड लेथवर बॅकलॅश काढायला आपण हँडल थोडं मागे नेऊन पुन्हा त्याच बाजूने मापावर आणतो, तशातली ही गोष्ट. माप कानाला कळलेलं असतं. तुमचा डिरेलर कुठल्या कंपनीचा, दात्या पाच की सात, तार किती ताणलेली, याच्याशी त्या लिव्हरला देणंघेणं नाही. चूक झाली तर ती भरून काढायला माणूस बसलेला आहे.

(डिरेलर म्हणजे साखळी एका दातीवरून दुसरीवर ढकलणारा हात. टूर द फ्रान्समध्ये त्याला १९३७ साली परवानगी मिळाली. तोवर चढ आला की बरेच जण खाली उतरून मागचं चाक उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला वेगळी दाती असायची.)

१९८४ साली शिमानो कंपनीने ड्युरा-एस या आपल्या वरच्या मालिकेत एसआयएस आणलं: लिव्हरला खाचा, एक टक म्हणजे एक गिअर. १९९० साली तेच यंत्र ब्रेकच्या लिव्हरमध्ये गेलं, ते एसटीआय. दोन वर्षांनी इटलीच्या कॅम्पान्योलोने एर्गोपॉवर काढलं. गिऱ्हाइकाला १९९०ची गोष्ट मोठी वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते. माझ्या मते खरा फरक १९८४चा. त्या दिवसापासून माप कानातून निघून खाचेत गेलं. आणि खाचेला ऐकू येत नाही. त्यामुळे शिफ्टर, तार, डिरेलर आणि दात्या एकाच मापाच्या असाव्या लागतात.

माप किती, ते आपल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे अजून सूत चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. आठ दात्यांच्या शिमानो कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या दात्यांच्या संचात, एका दातीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ४.८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड सूत. शिफ्टर एका टकीला तार ओढतो २.८ मिलिमीटर. डिरेलर ते १.७ पट करून साखळी सरकवतो. २.८ गुणिले १.७ म्हणजे ४.७६. जमलं. दहा दात्यांच्या रोड शिफ्टरमध्ये तार २.३ मिलिमीटर ओढली जाते, दात्यांमधलं अंतर सव्वा सुताच्या आसपास. आणि अकराव्या दातीला शिमानोने डिरेलरची पटच १.४ वर आणली. म्हणून डब्यांवर एकच नाव बघून दहाचा शिफ्टर आणि अकराचा डिरेलर आणलात तर आयुष्यभर खरखर ऐकत बसाल.

काकांना मी आधी स्वस्तातला मार्ग सांगितला: लिव्हर हँडलच्या टोकाला बसवू, बार-एंड शिफ्टर, फ्रेमला हात लावायला नको. त्यांनी मान हलवली. ब्रेकवरून बोट काढायचं नाही म्हणजे नाही. मग सात दात्यांचा ब्रेक-शिफ्टर सुचवला, तोही नको. “एकदाच करू. आठ घाल.”

आठ घालायचे तर मागे जागा हवी. जुन्या सहा-सात गिअरच्या सायकलला मागच्या दोन टोकांत १२६ मिलिमीटर अंतर असतं, आठ गिअरच्या हबला १३० लागतात. पोलाद असेल तर फ्रेम थंडच फाकवता येते. अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बन असेल तर हा लेख वाचून प्रयोग करू नका, तडा जाईल. थ्रेडेड रॉड दोन टोकांमध्ये घालायचा, आतून दोन नट, आणि पाऊण आटा, अर्धा आटा करत फाकवत जायचं. पोलाद परत येतं, म्हणून १३०च्या बरंच पुढे न्यावं लागतं; रॉड सोडला की ते जिथे थांबेल ते खरं. हे दोनदा-तीनदा. मग मागच्या एका टोकाला दोरा बांधून पुढे हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायचा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एकच बाजू फाकली असेल तर दोरा लगेच चुगली करतो. व्हर्निअर काकांनी माझ्या हातातून घेतलंच होतं. डावीकडे अर्धा मिलिमीटर जास्त निघाला. मी सोडला असता. त्यांनी सोडू दिला नाही.

फ्रेम फाकवली की डिरेलर ज्या कानावर लटकतो तो हँगरही तिरका होतो. तो चाकाशी समांतर करून घेतल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. डिरेलर बसवताना काकांनी वरची छोटी चकती बोटाने हलवली. ती डावी-उजवीकडे डुलते.

“नवीन आणि प्ले?”

“मुद्दाम दिलाय काका. टक थोडी चुकली तरी चकती स्वतःच दातीखाली जाऊन बसते.”

ते बराच वेळ ती चकती हलवत बसले. आयुष्यभर प्ले काढत आलेला माणूस.

आता तार. शंभरातल्या सत्तर तक्रारी इथे असतात, हा आकडा माझ्या बाकावरचा आहे, कुठल्या अभ्यासातला नाही. गिअरची आतली तार १.२ मिलिमीटर, ब्रेकची १.६. खरा फरक बाहेरच्या आऊटरमध्ये. ब्रेकचा आऊटर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीला उभ्या असतात, त्यामुळे तो दबत नाही. सुरुवातीला मी एका रोड बाइकला गिअरसाठी ब्रेकचाच आऊटर टाकला होता. स्टँडवर टकाटक चाले, रस्त्यावर हँडल वळलं की गिअर सुटे. तीन संध्याकाळी स्क्रू फिरवत बसलो. उलटी चूक मात्र जिवावरची: गिअरचा आऊटर ब्रेकला घातला तर जोरात दाबल्यावर उभ्या तारा फाटून बाहेर येऊ शकतात.

आऊटर कापला की तोंड चपटं होतं, आतली प्लॅस्टिकची नळी मिटते. ग्राइंडरवर तोंड सपाट करायचं, दाभणाने नळी उघडायची, मग टोपी. पाच मिनिटांचं काम, पण बहुतेक जण गाळतात.

हे सगळं करता येत असलं तरी काही जणांना मी नवा शिफ्टर घेऊच देत नाही. चाकणचा एक मुलगा जुने एसटीआय काढून टाकायलाच आला होता, दाबलं की लिव्हर पोकळ जायचा. आतलं ग्रीस वर्षानुवर्षांत गोंदासारखं झालेलं, खिट्टी दात्यात पडतच नव्हती. सॉल्व्हंट मारला, शंभरेकदा दाबत बसलो, पुन्हा मारला, काळं पाणी गळलं, आणि टक आली. हलकं तेल घालून दिला. तारही बदलली, कारण ती शिफ्टरच्या आत, डोक्यापाशी एकेक धागा तुटत जाते. पूर्ण तुटली तर डोकं चिमट्याने खणून काढावं लागतं.

काकांच्या तिरक्या नळीवर लिव्हरच्या जागी तारेचे स्टॉप बसले, जणू नळीवरचे ते बॉस, म्हणजे लिव्हर बसवायचे उंचवटे, त्यासाठीच होते. ब्रेकने मात्र दगा दिला. नवे लिव्हर तार जास्त ओढतात, त्यामुळे जुन्या ब्रेकला जोर कमी मिळतो. ते कॅलिपर बदलावेच लागले, म्हणजे फोर्कला मागून आठ मिलिमीटरचं भोक. ते काकांनी ओळखीच्या शेडमध्ये स्वतः उभं राहून करून आणलं. सगळा हिशेब सायकलच्या किमतीच्या वर गेला. मी आधीच सांगितलं होतं, ते “बरं” एवढंच म्हणाले.

आळंदी रस्त्याने मॅगझिन चौकापर्यंत जाऊन परत आले.

“तिसऱ्यावर कुजबुजतोय.”

स्टँडवर घेतली, पॅडल फिरवलं. मला काही ऐकू येईना. त्यांनी डिरेलरच्या मागचा बॅरल बोटांत धरला, पाव आटा डावीकडे, कान खाली. मग अजून थोडासा.

“आता.”

जुने दोन्ही लिव्हर कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून त्यांनी पट्टीशेजारी खिशात ठेवले, आणि तार बसल्यावर ब्रेक सैल पडेल, तेव्हा पुढच्या गुरुवारी येतो म्हणाले.