अर्धवट ऐकलं की असं होतं

परवा ऑफिसात माझी चांगलीच जिरली. सांगतो.

आमचा एक सर्व्हर सॉकेटवरून डिलिव्हरीचे पत्ते जेसॉनमध्ये पाठवतो आणि माझा प्रोग्रॅम ते वाचतो. माझ्या मशीनवर सगळं झकास. टेस्ट सर्व्हरवर मात्र पार्सर अधूनमधून बोंबलायचा. कधी कंस बंद नाही, कधी अक्षरच ओळखता येत नाही. तेही मराठी पत्ते असले तरच! मी सरळ मेल ठोकली, 'तुमच्याकडून तुटका डेटा येतोय.' मॅनेजरला सीसी. सर्व्हरचा कोड लिहिणारी मुलगी नवीन, पुढच्या महिन्यात तिचं कन्फर्मेशन. ती जागेवर येऊन म्हणाली, "अरे, मी पूर्ण पाठवतेय रे. लॉग बघ ना." मी बघितलाच नाही.

रात्री घरून बघितला. पूर्ण होता :(

मी एकदाच 'रिसीव्ह' करायचो आणि हाती येईल तो पूर्ण मेसेज समजायचो. पण टीसीपी मेसेज पोचवतच नाही, तो बाइट्सची धार पोचवतो. क्रम बिघडत नाही, पण मेसेज कुठे संपला हे त्याला ठाऊक नसतं. १९८१ च्या आरएफसी ७९३ पासून हे असंच आहे. इथरनेटवर एका पाकिटात साधारण १४६० बाइट मावतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. पाचशे चिन्हं झाली की दुसरं पाकीट लागणारच. इंग्रजी पत्ते एका पाकिटात बसायचे, मराठी तुटायचे, कधी अक्षराच्या मधोमध. माझ्या मशीनवर मधे खरं नेटवर्कच नाही, त्यामुळे तिथे सगळं आलबेल.

आणि ती बिचारी प्रत्येक मेसेजच्या शेवटी न्यूलाइन पाठवत होती. डॉक्युमेंटमध्ये लिहिलंही होतं! मग आलेले बाइट बफरमध्ये साठवायचे, न्यूलाइन दिसली की तिथपर्यंतचं कापायचं, मग अक्षरं उलगडायची, मग पार्स. उरलेलं पुढच्या मेसेजचं. वीसेक ओळींचं काम.

सकाळी माफीची मेल टाकली. सीसीत तीच सगळी नावं, मॅनेजरसकट. टाकताना हात जरा अडखळला, खोटं कशाला बोलू. तिचं उत्तर आलं, "ठीक आहे रे. चहा तुझ्याकडून."

असो. चहा पाजलाय.