चाँदच्या तारखेने मालवण

दिवाळीची सुट्टी म्हणजे आमचे घर एकत्र येण्याचा काळ. आम्ही दोघेही शिक्षक. एकाची शाळा साताऱ्यात, दुसरीची सांगलीत. एरवी भेट रविवारची. म्हणून सुट्टीचे शेवटचे तीन दिवस कुठे घालवायचे यावर घरात आठवडाभर मसलत सुरू आहे.

धाकटीला समुद्राचे राष्ट्रीय उद्यान पाहायचे होते. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा. त्यातले चांदोली तर आमच्या दाराशीच. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेले. पण तो सह्याद्रीचा डोंगर. मुंबईचे संजय गांधी उद्यान समुद्राजवळ असले तरी तेही जंगलच. समुद्राच्या पाण्यातले पाहायचे तर मालवण. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर तिथे प्रवाळ आहेत, त्यांच्या आधाराने राहणारे रंगीत मासे आहेत. नाव 'राष्ट्रीय उद्यान' नसले तरी धाकटीची हरकत नव्हती.

खरा प्रश्न अम्मींचा होता. वय बहात्तर, गुडघे दुखरे, आणि समुद्र अजून पाहिलेला नाही. त्यांचे अब्बा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. जहाजाची ती वाट १९९५ साली बंद झाली. निरोप द्यायला अम्मी मिरज स्टेशनपर्यंतच गेल्या होत्या. त्यापुढचे सगळे त्यांनी फक्त ऐकले. मालवणचे नाव निघताच म्हणाल्या, "मेरेकू पानी देखना है. मछलियाँ तुम देखो." त्यांना घरी ठेवून जाण्याचा विषय तिथेच संपला.

मग आम्ही भरती-ओहोटीचा हिशेब मांडला. धाकटीला पाण्याखालचे पाहायचे, तर पाणी शांत आणि नितळ हवे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, ओढ जास्त असते आणि तळाची वाळू ढवळते. अष्टमीच्या सुमारास ओढ सर्वांत कमी. अम्मींना मात्र बोटीत चढायचे आहे. ओहोटीला पाणी खाली जाते, तशी बोटही धक्क्यापासून खाली जाते, आणि ती एक पायरी त्यांना डोंगराएवढी. म्हणजे त्यांच्यासाठी वेळ भरतीची हवी.

कोकणातल्या लोकांचा याला एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. आपल्या घरात भिंतीवर हिजरी तारखांचे कॅलेंडर असतेच. चाँदची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, तेवढे मिळवले की हिशेब जुळतो. ईद आणि रोजे यांसाठी आपण ज्या चाँदकडे पाहतो, तोच समुद्राचे पाणी ओढतो, हे धाकटीला कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता आले.

त्यावरून दिवस ठरला कार्तिकी एकादशीचा, म्हणजे चाँदची नऊ किंवा दहा. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी आठच्या आसपास भरती, वारा कमी, आणि पौर्णिमेचे उधाण अजून चार-पाच दिवस लांब. शिवाय दिवाळीच्या पहिल्या आठवड्याची गर्दी तोवर ओसरलेली असते. हा अंदाजच आहे. बंदरागणिक वेळेत फरक पडतो. नेमकी वेळ आदल्या दिवशी बोटवाल्यालाच विचारायची.

त्या दिवशी आमच्याकडच्या एसटीच्या जादा गाड्या पंढरपूरकडे लागलेल्या असतात. म्हणून आदल्या दिवशीच निघायचे: कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. सांगलीपासून अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. घाटाच्या आधी अर्धा तास थांबायचे, अम्मींचे पाय मोकळे होतील आणि जोहरची कसर नमाजही होईल.

मुक्काम मच्छीमाराच्या घरी करायचा, हे मात्र पहिल्या दिवसापासून पक्के होते. अभयारण्य झाले तेव्हापासून मासेमारीवर बंधने येतील ही धास्ती तिथल्या लोकांना आहे. आम्हाला ती समजते, कारण चांदोलीच्या जंगलातली गावे उठवली गेली, ती माणसे आमच्याच जिल्ह्यांत नव्याने वसली. आपण पाहायला जातो ते पाणी कुणाच्या तरी रोजीचे आहे. आपल्या खर्चातले चार पैसे त्या घरात गेले तर बरे.

मुलांना दोन गोष्टी आताच बजावून ठेवल्या आहेत. लाइफ जॅकेट किनाऱ्यावर परत येईपर्यंत काढायचे नाही. आणि प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तुकडाही उचलायचा नाही. तो दगडासारखा दिसला तरी अगणित बारीक जिवांनी मिळून बांधलेला असतो, वाढायला वर्षानुवर्षे लागतात.

बोटीत बसायचे की धक्क्यावर खुर्ची टाकून पाणी पाहायचे, हे अम्मी तिथे ठरवतील. म्हणून यादीत शेवटी एक घडीची खुर्ची लिहिली आहे.