नाव घेणे आणि नावे ठेवणे

पुण्यातील बुधवार पेठेचा उल्लेख झाला की ऐकणाऱ्याच्या ओठांवर पुष्कळदा एक वाकडे हसू उमटते. याच पेठेत तांबडी जोगेश्वरी आहे, दगडूशेठ हलवाई गणपती आहे, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने आहेत, तपकीर गल्लीतील विजेच्या सामानाची गर्दी आहे. परंतु लोकांच्या स्मरणात राहतात त्या दोन-चार गल्ल्या आणि तेथील दुर्दैवी भगिनी. एका पेठेला इतकी नावे ठेवली गेली की तिचे नाव नीट घेणारा विरळाच. आम्हीही त्या पेठेतून जाताना पावले उचलूनच चालत असू. हे कबूल केले पाहिजे, कारण ज्या धड्याविषयी येथे लिहावयाचे आहे, तो आम्हाला याच पेठेतील एका वाड्यात मिळाला.

निमित्त होते फुटबॉलचे. जून २०१८ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई या चार संघांची स्पर्धा चालू होती. १ जूनला भारताने चिनी तैपेईचा पाच-शून्य असा पराभव केला. पण तो पाहण्यास प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री याने लोकांना चित्रफितीतून हात जोडून विनवले. त्याच्या बोलण्याचा आशय असा : आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध होणारा सामना हा त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता.

३ जूनला रविवार होता. सकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील सहा-सात तरुण आम्हाला गाठून म्हणाले, "फादर, उद्या मुंबईला जायचंच. पण तिथं ओरडायचं काय? सगळीकडे नुसतं इंडिया, इंडिया. आपलं मराठीत काहीतरी पाहिजे." त्यांच्यापैकी एक जण बुधवार पेठेतील एका ढोल-ताशा पथकात वाजवीत असे. म्हणून संध्याकाळी आम्ही सारे त्या पथकाच्या वाड्यात जमलो. गणेशोत्सव अद्याप तीन महिने दूर होता. ढोल गवसण्या घालून भिंतीशी रचून ठेवलेले होते. पथकातील एक वृद्ध ताशावादक, ज्यांना सगळे काका म्हणत, ओट्यावर चहा घेत बसले होते.

प्रथम 'भारत, भारत' असा घोष करून पाहिला. तो काही केल्या उठेना. कारण शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की 'भारत' हा शब्द 'त'वर येऊन तोंड मिटवतो. 'इंडिया' शेवटी तोंड उघडे ठेवते, म्हणूनच तो हजारो कंठांतून लांबवता येतो. सेमिनरीत आम्हाला उपासनासंगीत शिकविणारे गुरुजी नेमके हेच सांगत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली, तेव्हा प्रतिसादाची ओळ कशी असावी हा प्रश्न सर्वत्र उभा राहिला. ते म्हणत की, जी ओळ अनोळखी मनुष्याला एकदा ऐकून म्हणता येते तीच सभेची ओळ, बाकीच्या गायकवृंदाच्या. त्यांची आठवण झाली आणि मराठी व्याकरणातील आठवी विभक्ती मदतीला धावून आली. आपण विठ्ठलाला हाक मारताना 'विठ्ठला' म्हणतो, देवाला 'देवा' म्हणतो. मग भारताला 'भारता' का म्हणू नये? हाक मारताच मिटलेला शब्द उघडला. एकाने म्हणावे, "भारता, भारता!" आणि सर्वांनी उत्तर द्यावे, "चल पुढे, चल पुढे!" मुलांनी गवसणीवरच थापा मारून ठेका बसवला.

या पेठांना असली रचना नवी नाही. १८९० च्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तेव्हा त्याच्याबरोबर मेळे आले. पोरे एकसारखा वेश करून, लोकांना ठाऊक असलेल्या चालींवर ताज्या घडामोडींची पदे रचून गात. शब्द नवे आणि चाल ओळखीची, हे त्यांचे सूत्र होते. ती पदे इतकी झोंबू लागली की पुढे इंग्रज सरकारला त्यांवर निर्बंध घालावे लागले. इकडे ब्रिटनमध्येही फुटबॉलच्या प्रेक्षकांनी तेच केले. जॉन ह्यूज यांनी १९०७ मध्ये वेल्समध्ये बांधलेली एका भक्तिगीताची चाल तेथील मैदानांवर नित्य ऐकू येते. शब्द मात्र प्रेक्षकांचे, आणि ते नेहमीच भक्तीचे असतात असे नव्हे.

आमचेही तसेच झाले. ठेका जमल्यावर मुलांना चेव आला. एकाने झटकन दोन ओळी जुळविल्या. त्या केनियाच्या खेळाडूंच्या रंगावर होत्या. यमक चपखल होते. वाडा हशाने भरून गेला. आणि येथे खरे ते लिहिले पाहिजे : हसू आम्हालाही आले. आम्ही ते आवरले खरे, पण रागावण्यासाठी तोंडही उघडले नाही. त्या क्षणी आम्हाला आमच्या गायकवृंदातील केनियाचा विद्यार्थी आठवला नाही. तो पुण्यात तीन वर्षे शिकत होता. रस्त्यावरची पोरे त्याला जे शब्द ऐकवीत, ते सारे त्याला मराठीत समजत होते.

काकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पन्नास वर्षं मिरवणुकीत वाजवतोय. पुढे दुसऱ्या मंडळाचा गणपती असतो, मागे तिसऱ्याचा. भांडणं होतात, ढोल फुटेस्तोवर चढाओढ होते. पण दुसऱ्याच्या गणपतीला वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. आपल्याचं नाव घ्यायला दुसऱ्याला नावं कशाला ठेवायची?"

कोणी काही बोलले नाही. ज्याने त्या ओळी रचल्या होत्या त्याने हळूच म्हटले, "राहू द्या ती." धर्मगुरूने जे सांगावयाचे ते ताशावाल्याने सांगितले होते. पुष्कळ वर्षे प्रवचने करूनही 'नाव घेणे' आणि 'नावे ठेवणे' यांतील अंतर आम्हाला इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते.

आम्हाला मग बालेवाडी आठवली. ८ ऑक्टोबर २०१० रोजी तेथे भारताने व्हिएतनामला तीन-एक असे हरविले. तिन्ही गोल छेत्रीचे. त्या दिवशी त्याचे नाव सर्वांच्या ओठी होते. पाचच दिवसांनी त्याच मैदानावर येमेनने भारतावर सहा गोल चढविले. आपले झाले तीन. त्या दिवशी आमच्या आसपासचे प्रेक्षक आपल्याच खेळाडूंना जे बोलले ते येथे लिहिता येणार नाही. पाचवा गोल झाला तेव्हा आम्ही मुलांना घेऊन बाहेर पडलो. शिवी दिली नाही एवढेच समाधान. पण पाठ फिरविलीच. विजयाचा घोष कोणालाही सुचतो. पराभव होत असताना काय म्हणावे, यासाठी आमच्यापाशी एक शब्दही नव्हता. आणि जेथे शब्द नसतो तेथे शिवी तयार असते.

हे त्या वाड्यात आम्ही सांगितले. मुले विचारात पडली. एकाने सुचविले, "आम्ही मागे, आम्ही मागे!" दुसरा म्हणाला, "अरे, लोकांना वाटेल आपण मागे पडलो म्हणून सांगतोय!" पुन्हा हशा झाला, पण हा निराळा होता. शेवटी ठरले की संघ हरत असेल तेव्हा "भारता, भारता!" या हाकेला उत्तर द्यावयाचे, "आम्ही उभे, आम्ही उभे!"

दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर तो केनियाचा विद्यार्थीही आला, आपल्या देशाचा ध्वज खांद्यावर घेऊन. गाडीत त्याने विचारले, "फादर, तुम्ही काय ओरडणार आहात?" मुलांनी त्याला दोन्ही घोष म्हणून दाखविले. अर्थ समजावून सांगावा लागला नाही. ज्याने ते यमक जुळविले होते तो मात्र त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होता.

अंधेरीला सारी तिकिटे संपली होती. पाऊस असा कोसळत होता की मैदानावर चेंडू पाण्यात अडकून राही. देशभरातून आलेले निळ्या सदऱ्यांचे 'ब्लू पिलग्रिम्स' तेथे होते. राष्ट्रीय संघामागे गावोगाव जाणाऱ्या या मंडळींनी आपल्याला 'यात्रेकरू' म्हणावे, याचे आम्हाला कौतुक वाटले. मध्यंतरापर्यंत एकही गोल नव्हता. आमचे "चल पुढे" आसपासच्या चार-पाच रांगांनी उचलले, दहाएक मिनिटे टिकले आणि 'इंडिया'च्या गजरात विरून गेले. उत्तरार्धात छेत्रीने दोन आणि जेजे लालपेखलुआने एक गोल केला. सामना तीन-शून्य असा जिंकला. "आम्ही उभे" म्हणण्याची वेळच आली नाही.

ती आली साडेपाच वर्षांनी. कतारमधील आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलियाकडून हरला, उझबेकिस्तानकडून हरला, आणि २३ जानेवारी २०२४ रोजी सिरियाकडूनही. तीन सामन्यांत आपला एकही गोल नाही. तो शेवटचा सामना आम्ही त्याच वाड्यात, दूरचित्रवाणीसमोर पाहिला. मुले आता नोकरीला लागली होती. काकांचा हात कापत होता. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मागून एकाने आपल्याच एका बचावपटूचे नाव घेतले आणि त्याच्यापुढे एक शब्द जोडू लागला. इतक्यात काकांनी ओट्याच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला. क्षणभर शांतता झाली. मग कोणीतरी हाक दिली, "भारता, भारता!"

उत्तर देणारे आम्ही दहा-बारा जण होतो. कतारपर्यंत काही ते पोहोचले नसेल. वाड्याबाहेर पडलो तेव्हा रात्र झाली होती. त्या रात्री बुधवार पेठेतून आम्ही पावले उचलून चाललो नाही.